धारवाल्या काकांचा शेवटचा चाकू

चाकू घेऊन आलेल्या माणसाला धारवाले काका आधी चाकू काढूच द्यायचे नाहीत. दुकानाच्या दाराशी एका उंच डब्यात हातभर लांबीच्या ओल्या काठ्या उभ्या असत. त्यातली एक गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, सोबत दुकानातला एक साधा चाकू द्यायचा आणि म्हणायचं, "तासा." गिऱ्हाईक बावचळायचं. पैसे देऊन वर परीक्षा कसली, असा चेहरा करायचं. मग इकडेतिकडे बघत, कोणी हसत तर नाही ना याची खात्री करून, तासायला लागायचं.

काका त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. त्यांचं लक्ष जमिनीवर पडणाऱ्या ढलप्यांकडे. लांब, पातळ, गुंडाळी झालेले ढलपे पडले की माणूस सबुरीचा. जाड, तुटके तुकडे उडाले की यांना घाई आहे, यांचा चाकू लाकडात अडकणार आणि हे तो पिळून काढणार. कोण अंगठ्यानं ढकलतं, कोण करवतीसारखं घासतं, कोण मनगट मोडतं, हे सगळं बघून झालं की मग काका हात पुढे करायचे, "आणा इकडे तुमची तलवार."

तलवारच असायची बहुतेकदा. जंगलात तंबू ठोकून राहायला जाणारी हौशी मंडळी बाजारातून जे काही उचलून आणत, ते बघून काकांना कपाळाला हात लावावासा वाटे. पाठीवर दाते, पोटात भोकं, मुठीत होकायंत्र. "काका, सगळं कापेल असा करून द्या," असं म्हणणारा तर आठवड्याला एक हमखास यायचा. काका त्याला शांतपणे विचारायचे, "सगळं म्हणजे काय काय? यादीच सांगा." यादी सांगता सांगता त्या माणसाच्याच लक्षात यायचं की आपण जंगलात चहा करण्यापलीकडे काही करत नाही.

काकांचं म्हणणं सरळ होतं. चाकू पात्यानं ओळखायचा नाही, उतारानं ओळखायचा. पाठीपासून धारेपर्यंत पोलाद कसं उतरत जातं, त्यावर त्याचं सगळं ठरतं. मासे, मटण सोलायचं असेल तर पातं दोन्ही अंगांनी खोलगट घासायचं. धारेजवळ ते कागदासारखं होतं आणि कातड्याखालून सुळकन जातं, पण गाठीच्या लाकडावर मारलं की धारेचा टवका उडतो. फांद्या फोडायच्या असतील तर पोट फुगीर ठेवायचं, म्हणजे लाकूड बाजूला सारलं जातं आणि पातं अडकत नाही. ज्याला भाजी, दोरी, काटक्या असं थोडं थोडं सगळंच करायचंय, त्याला पाठीपासून सरळ सपाट उतार. आणि एक चौथा प्रकार, ज्याच्यासाठी त्यांच्याकडे वर्षातून दोन-तीनच माणसं यायची : एकाच अंगानं उतार. दुसरी बाजू काचेसारखी सपाट. लाकडाचा अगदी बिनचूक काप घ्यायचा असेल तर याच्यासारखं हत्यार नाही. पण ते हाताचं असतं. उजव्या हाताचं उजव्यालाच चालतं. हात बदलला की सपाट अंगाऐवजी उताराचं अंग लाकडाला लागतं आणि पातं आत बुडतं नाहीतर बाहेर निसटतं.

तर असा हा माणूस. गल्लीतले लोक म्हणायचे, काकांना माणसाचे ढलपे दाखवा, ते त्याची जन्मपत्रिका सांगतील. काका यावर नाही म्हणायचे नाहीत. खोटा विनय त्यांच्या अंगात नव्हता.

पुढे डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो खिडकीसमोर धरला आणि सांगितलं की घासकामाची धूळ आता बंद. काका म्हणाले, तोंडाला फडकं बांधतो. डॉक्टर म्हणाले, फडक्याचे दिवस गेले. काकू शेजारीच बसल्या होत्या, त्यामुळे पुढे वाद घालायला वाव उरला नाही.

पोलाद घासायचं पट्ट्याचं मशीन विकायचं ठरलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला कात्र्यांना धार लावणारा एक तरुण होता, त्यानं घेतो म्हणून सांगितलं. त्याच्या नव्या जागेचं काम चालू होतं, जागा झाली की टेम्पो घेऊन येणार होता. तेवढ्या वेळात काकांना एक शेवटचं काम करायचं होतं. लेकीसाठी चाकू.

त्यांना ही एकुलती एक लेक. लांबच्या एका रोपवाटिकेत ती कलमं बांधायची. नुसतं बसून बांधायची नाही. जंगलात, डोंगरात जुनी, रानटी फळझाडं शोधत फिरायची, त्यांच्या कोवळ्या काड्या कापून आणायची आणि त्या रोपांवर जोडायची. काकांना हे काम थोडं बायकी आणि थोडं वेडेपणाचं वाटायचं, पण चाकूचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी नाक मुरडायचं सोडून दिलं होतं. दुकान तिनं घ्यावं असं मात्र त्यांना कधीच वाटलं नाही. का वाटलं नाही, तेही सांगायला हवं.

पोर लहान असताना सगळं डाव्या हातानं करायची. दुकानात येऊन कानस उचलायची ती डाव्या हातानं. काका ती कानस हळूच काढून घेत आणि उजव्या हातात देत. कधी ओरडले नाहीत, हात उगारणं तर लांबच. त्यांचं मशीन उजव्या माणसासाठी बसवलेलं. पट्टा, टेकू, पाण्याचं डबडं, सगळं त्या हिशेबानं. डाव्या हातानं काम करणारं पोर उद्या त्या पट्ट्यात बोटं घालेल, ही त्यांना धास्ती होती. म्हणून कानस बदलली, पेन्सिल बदलली, चमचा बदलला. ती विसरली की "हात," एवढंच म्हणायचे. पोरगी लगेच हात बदलायची. वर्षभरात वळण लागलं तेव्हा काकांनी गल्लीभर सांगितलं की माझ्या पोरीचा हात मी सरळ केला.

मग मोठी झाल्यावर त्यांनी तिला शेजारी उभं करून घासकाम शिकवायला घेतलं. पोरीला काही जमेना. पातं वाकडं लागायचं, उतार लाटेसारखा व्हायचा. एकदा एका वाटाड्याचा चांगला चाकू तिनं टोकाशी घासून खाल्ला. त्या दिवशी जेवताना काका काकूंना म्हणाले, "हिला दुसरं काहीतरी शिकू दे. या हातात धार नाही." पोरगी पाण्याचा तांब्या आणायला आत गेली होती. भिंत काही फार जाड नव्हती.

ती गेली, शिकली, नोकरीला लागली. सणासमारंभाला यायची, आईशी बोलायची, बापाला तंबाखू सोडा म्हणून सांगायची. बिघडलं असं काही कधी दिसलं नाही.

चाकू करतो म्हटल्यावर ती खूश झाली, पण लगेच म्हणाली, "बाबा, दोन्ही अंगांनी उतार द्या. साधा, सपाट."

"कलमवालीला दोन्ही अंगांनी? लोक मला हसतील."

"हसू देत. मला तसाच चालतो."

"तुला काय चालतं ते मला कळतं," काका म्हणाले. "कलमाचा काप एका अंगाच्या उतारानंच घ्यायचा. सपाट बाजू काडीला चिकटून चालते, काप आरशासारखा येतो. तू फक्त घेऊन जा."

लेक थोडी घुटमळली. ओठांवर काहीतरी आलं होतं. मग म्हणाली, "बरं."

ज्या माणसानं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला काठी तासायला लावली, त्यानं आपल्या लेकीला काठी दिली नाही. गरजच काय होती? तिचा हात तर त्यानंच घडवला होता.

तो चाकू काकांनी जीव ओतून केला. जुन्या मोठ्या कानशीचं पोलाद घेतलं, कारण त्याच्याइतकं खात्रीचं पोलाद त्यांना दुसरं माहीत नव्हतं. पातं तळहाताएवढं, जंगलात कंबरेला अडकणार नाही असं. एक अंग त्यांनी काचेवर बारीक पावडर टाकून इतकं सपाट केलं की काकूंनी त्यात बघून टिकली नीट केली. दुसऱ्या अंगाला एकसंध उतार, पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत एका ओढीत. मूठ तिच्या लहान हाताच्या मापाची. खोकला यायचा तेव्हा ते मशीन बंद करून बाहेर जाऊन खोकायचे, म्हणजे काकूंना ऐकू जायचं नाही. काकूंना अर्थातच सगळं ऐकू जायचं.

लेकीनं चाकू दोन्ही हातांत घेतला, बराच वेळ बघितला. "खूप सुंदर झालाय, बाबा," म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले. काकांना वाटलं, झालं, आपलं आयुष्याचं काम झालं. त्यांनी मशीनवर जुनी चादर टाकली.

काही महिन्यांनी काकांनी ठरवलं की लेकीचं काम एकदा बघून यावं. आता रिकामपण होतं. काकू म्हणाल्या, "आधी कळवा तिला." काका म्हणाले, "बापाला काय अपॉइंटमेंट लागते?" आणि बसमध्ये बसले.

रोपवाटिकेच्या फाटकाशी एक रखवालदार खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवत बसला होता. काकांनी लेकीचं नाव सांगितलं. त्याच्या काही लक्षात येईना. इथं सगळे एकमेकांना टोपणनावानंच ओळखतात, म्हणाला. काकांनी वर्णन केलं : बुटकी, केस कापलेले, कलमं बांधते, डोंगरात फिरते.

"अच्छा, डावरी! मग असं सांगा ना!"

"नाही नाही," काका म्हणाले. "माझी मुलगी उजवी आहे."

"मग आमच्याकडे नाही ती," रखवालदार म्हणाला. "आमच्याकडे डोंगरात फिरणारी एकच. ती डावरी."

काकांना हसू आलं. म्हटलं, बघून तर घेऊ. हिरव्या जाळीचा लांब मांडव होता, त्याच्या आत टेबलांच्या रांगा. तिसऱ्या टेबलाशी त्यांची लेक पाठमोरी बसली होती. काकांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

लेकीच्या डाव्या हातात चाकू होता. उजव्या हातात काडी. चाकू कुठला तरी स्वस्तातला, प्लॅस्टिकच्या मुठीचा, धार दोन्ही अंगांनी. आणि हात असा चालत होता की काकांनी आयुष्यभर असा हात चालताना फार थोड्या वेळा बघितला होता. काडी फिरली, पातं एकदाच सरकलं, तिरका काप. पुन्हा फिरली, पुन्हा काप. रोपाला चीर, काडी आत, पट्टी गुंडाळली, पुढचं. टेबलाखाली ढलप्यांचा ढीग पडला होता. काकांची नजर सवयीनं तिकडे गेली. लांब, पातळ, गुंडाळी झालेले. एकही तुटका नाही.

ते जाळीच्या बाहेरच उभे राहिले. जवळच दुसऱ्या टेबलाशी एक उंच, किडकिडा माणूस काम करत होता. त्याच्या हातातला चाकू काकांनी दहा पावलांवरून ओळखला. आपलं काम कोण ओळखत नाही?

"चांगला चाकू आहे," काका जवळ जाऊन म्हणाले. 

"चांगला?" लंबू खूश होऊन चाकू त्यांच्या हातात देत म्हणाला. "अहो, असा चाकू विकत मिळत नाही. बघा, बघा हा काप. आमच्या डावरीनं दिला मला. तिच्या ओळखीचे कोणी म्हातारे कारागीर आहेत म्हणे, त्यांनी केलाय. काय हात असेल त्या माणसाचा! मी तर तिला म्हटलं, एकदा भेटव, पाया पडतो."

आपल्या कामाची एवढी तारीफ काकांनी कधी ऐकली नव्हती आणि कोणत्याही शिवीनं त्यांना एवढं लागलं नसतं. ते "हो का," म्हणाले. चाकू परत देताना त्यांनी मूठ बघितली. लंबूच्या मोठ्या पंजाला ती लहान पडत होती, म्हणून त्यानं वर सायकलची रबरी ट्यूब गुंडाळली होती.

लेकीनं वळून बघितलं. तिच्या हातातून चाकू गळालाच. आणि पुढच्या क्षणी तिनं जे केलं ते काकांना शेवटपर्यंत विसरता आलं नाही : तिनं खाली पडलेला चाकू उजव्या हातानं उचलला.

चहाच्या टपरीवर दोघं बसले. दोन पेले समोर आले.

"मला सांगायचं होतं," लेक म्हणाली. "तुम्ही एवढ्या मायेनं करत होतात. म्हटलं, हात वळवू पुन्हा. एकदा वळवला होताच ना. महिनाभर उजव्या हातानं केलं मी, तुमच्या चाकूनं."

"मग?"

"मग काय. कलमं धरली नाहीत. एक फार जुनं झाड होतं वरच्या अंगाला, रस्त्यासाठी तोडणार होते. त्याच्या काड्या होत्या सगळ्या." तिनं पेला फिरवला. "झाड तोडलं. काड्या वाळल्या. साहेब काही बोलले नाहीत, पण मला झोप लागेना. मग मी चाकू त्या शेजारच्या टेबलवाल्याला दिला. पेटीत पडून गंजण्यापेक्षा बरं म्हटलं."

"मी दुसरा करतो," काका म्हणाले.

"डॉक्टरांनी..."

"मी दुसरा करतो. डाव्या हाताचा."

घरी आल्यावर त्यांनी काकूंना सांगितलं. काकू भाजी निवडत होत्या, निवडतच राहिल्या.

"तुला माहीत होतं?" काकांनी विचारलं.

"तुम्ही दुकानात गेलात की ती डाव्या हातानंच भाजी चिरायची. तुमची चप्पल वाजली की हात बदलायची."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला?" काकूंनी मान वर केली. "तुम्ही गल्लीभर पेढे वाटायचे बाकी ठेवले होतेत तिचा हात सरळ केला म्हणून. तुम्हाला सांगणार कोण?"

काका उठून दुकानात गेले आणि मशीनवरची चादर काढली. कात्रीवाल्याचा निरोप आला होता, जागा तयार आहे, रविवारी येतो. म्हणजे हातात आठवडाही नव्हता. लोकांना वाटेल, त्यात काय अवघड? उतार या अंगाऐवजी त्या अंगाला द्यायचा. काकांनाही तसंच वाटलं. दोन्ही अंगांचे चाकू त्यांनी जन्मभर केले होते. पण दोन्ही अंगांच्या चाकूत एक सोय असते, एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूनं झाकता येते. उलट बाजू ते नेहमी पातं फिरवून, उजव्याच हातानं दाबून भागवायचे. एका अंगाच्या पात्यात झाकायला काही नसतं. मुळापासून टोकापर्यंत एकच लांब ओढ, मध्ये थांबायचं नाही. उजव्या हाताच्या चाकूला ती ओढ उजवा हात देतो. डाव्या हाताच्या चाकूला सगळं उलटं. ओढायचं डाव्यानं, उजव्यानं नुसतं सांभाळायचं.

काकांनी कानशीच्या उरलेल्या पोलादाचं नवं पातं पट्ट्याला लावलं आणि डाव्या हातानं ओढलं. हात जागेवरच अडखळला. पात्यात खाच पडली. त्यांनी पुन्हा ओढलं. आता हात घाबरून थांबला, थांबला तिथं ठिणग्या गोळा झाल्या. मागून उजवा हात मदतीला धावला आणि त्यानं अजून वाट लावली. काकांनी दात आवळले. डाव्या हाताला ते काय करायचं ते नीट माहीत होतं, म्हणजे डोक्याला माहीत होतं, पण हात ऐकेना. कोणा परक्याचा हात खांद्याला बसवल्यासारखा. तिसऱ्या, चौथ्या ओढीला त्यांना घाम फुटला. कोणीतरी शेजारी उभं राहून आपल्याकडे बघतंय आणि आता "हात," असं म्हणणार, असं त्यांना उगाचच वाटू लागलं. दुकानात कोणी नव्हतं. पोरीला रोज असंच वाटत असणार. रोज. आणि आपण समजत होतो की हिच्यात कला नाही.

त्यांनी मशीन बंद केलं आणि स्टुलावर बसून राहिले. खोकला आला, तो थांबेना.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशीही. उतार लाटेसारखा झाला होता. शेवटी टोकाशी हात जरा जास्तच रेंगाळला आणि पोलाद निळं पडलं. निळं पडलं म्हणजे पोलादाचं पाणी गेलं, तिथं आता धार टिकणार नाही. नवीन पातं करायला दिवस उरले नव्हते आणि छातीत हवाही उरली नव्हती.

काकूंनी न विचारता लेकीला फोन केला. "तुझा बाप हट्टाला पेटलाय. तू येऊन सांग, तुझं ऐकतील." रविवारी सकाळीच लेक आली. पिशवी न ठेवता थेट दुकानात गेली. काका स्टुलावर, मांडीवर ते बिघडलेलं पातं.

"नाही जमलं गं," ते म्हणाले.

लेकीनं पातं घेतलं, उजेडाकडे तिरपं धरलं, बोट फिरवलं. खाचा बघितल्या, निळा डाग बघितला. मग काकांचं चामडी एप्रन खुंटीवरून काढून बांधलं, तोंडाला रुमाल लावला. पाण्याचं डबडं उजवीकडे होतं, ते उचलून डावीकडे ठेवलं. टेकूचा स्क्रू सैल करून तो उलट्या बाजूला वळवला. इतक्या वर्षांत काकांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं की तो टेकू वळतो.

"तुम्ही बाहेर बसा, धूळ उडेल."

काका दारात उभे राहिले. बाहेर गेले नाहीत.

तिनं आधी निळं पडलेलं टोक उडवलं. पातं बोटभर आखूड झालं. मग मशीन पूर्ण वेगावर आलं, तिनं श्वास घेतला, डावा हात पुढे केला आणि ओढलं. मुळापासून टोकापर्यंत, मध्ये कुठं थांबणं नाही. ठिणग्यांची एकसारखी धार निघाली. पाण्यात बुडवलं, पुन्हा ओढलं. पुन्हा बुडवलं. खाचा एकेक करून नाहीशा झाल्या. काका एकटक बघत होते. त्यांच्या गुरूचा हात त्यांनी बघितला होता, स्वतःचा भरात असतानाचा हात त्यांना ठाऊक होता. हा हात दोघांहून सरस होता. हे त्यांना पहिल्या ओढीलाच कळलं. या एका बाबतीत त्यांना कधी कोणी फसवू शकलं नव्हतं.

मशीन थांबलं. लेकीनं पातं पुसून त्यांच्या हातात दिलं. उतार एकसंध होता.

"तू हे कुठे शिकलीस?" काकांनी विचारलं. "मी शिकवलं तेव्हा तर..."

"तुम्ही शिकवायच्या आधी," लेक म्हणाली. "मी लहान होते तेव्हा समोर खोक्यावर बसायचे ना, तुमच्याकडे तोंड करून. समोरून तुमचा उजवा हात माझ्या डाव्या बाजूला यायचा. तुम्ही ओढलंत की मी पण मनातल्या मनात डाव्यानं ओढायचे. सगळं येत होतं मला तेव्हा. मग तुम्ही मला उठवून तुमच्या शेजारी उभं केलंत."

बाहेर टेम्पो येऊन उभा राहिला. कात्रीवाल्यानं हॉर्न वाजवला, मागून दोन माणसं दोर घेऊन उतरली.

"मी चुकलो," काका म्हणाले.

"हो, बाबा," लेक म्हणाली. जाऊ द्या, असं ती म्हणाली नाही.

काकांनी टेम्पोकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, वळवलेल्या टेकूकडे बघितलं. घाईघाईनं, कोणी ऐकायच्या आत विचारावं तसं ते म्हणाले, "त्याला परत पाठवतो. सांगतो, नाही विकायचं. तू ठेव हे सगळं. आत्ताच सांगतो, ठेव."

लेकीनं एप्रन सोडून खुंटीला अडकवलं. 

"आता कसं, बाबा? माझी रोपं आहेत तिकडे."

कात्रीवाला आत आला, मशीनभोवती एक फेरी मारली, आणि जमिनीतले बोल्ट कुठे कुठे आहेत म्हणून विचारलं. ते फक्त काकांनाच माहीत होतं. त्यांनी पाना घेतला आणि गुडघे टेकून स्वतःच पहिला बोल्ट सोडवायला लागले.